मदत हवी आहे: आईबाबा नेरूळला एकटे, फोनवरच्या फसवणुकीचा बंदोबस्त कसा करावा?

नमस्कार,
मी घोडबंदर रोडला राहते, आईबाबा नेरूळला. बाबा निवृत्त. पेन्शन, एफडी, वीजबिल, सगळं स्वतः मोबाइलवर बघतात आणि हिशेबाला पक्के आहेत.

मध्यंतरी त्यांना व्हिडिओ कॉल आला. खाकी गणवेशातला माणूस, 'तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात'. दाराला कडी घाला, बायकोला सांगू नका, कॅमेरा बंद करायचा नाही. बाबांनी खरंच कडी घातली! आई दार वाजवत राहिली म्हणून ते उठले आणि कॉल तुटला. पैसे वाचले, पण आता ते ओळखीच्यांचेही फोन घ्यायला बिचकतात. मला जास्त काळजी त्याची वाटते.

डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही, हे त्यांना समजावलंय. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हेही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर फ्रिजवर चिकटवलाय. पैसे गेलेच तर तिथे लगेच कळवायचं, कारण चोर ते भराभर पुढच्या खात्यांत फिरवतात आणि उशीर झाला की गोठवायला काही उरत नाही. यूपीआय आता फक्त भाजी-दूधखर्चाच्या छोट्या खात्याला जोडलंय. 'आज रात्री लाइट कापणार' किंवा 'हयातीचा दाखला भरा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) येतात, म्हणून बाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी सेटिंगमधून काढली आहे.

अडलंय ते एफडीपाशी. नेट बँकिंगवरून ती दोन मिनिटांत मोडता येते. शाखेत गेल्याशिवाय मोडताच येऊ नये, अशी सोय कुणी करून घेतली आहे का? अर्ज कसा दिलात? दोघांच्या सह्या लागतील असं खातं केलं तर रोजच्या व्यवहारात अडचण येते का?

आणि नेरूळ, सीवूड्स, वाशीकडच्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात सायबर पोलिसांना बोलवून कार्यक्रम केला असेल तर त्यासाठी कुणाला भेटायचं, तेही सांगा. माझ्यापेक्षा त्यांच्या वयाच्या मंडळींमध्ये बसून ऐकलेलं बाबांना जास्त पटेल.

'साधा फोन घेऊन द्या' हा सल्ला कृपया नको. नातवंडांशी रोजचा व्हिडिओ कॉल आणि सगळे व्यवहार त्यांना स्वतःच करायचे आहेत, आणि ते त्यांनी करावेत असंच मलाही वाटतं.