फ्युरिओसाचा डावा हात: बनवणाऱ्यांनी, वापरणाऱ्यांनी इथे लिहा

वाळूचा_पट्टा
काल ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ हा सिनेमा पुन्हा लागला आणि नजर पुन्हा तिथेच अडकली. वॉर रिग या भल्यामोठ्या ट्रकजवळची पहिली झटापट. तो ट्रक चालवणाऱ्या, डावा हात कोपराखाली नसलेल्या फ्युरिओसाने यांत्रिक हात काढून ठेवलाय, समोर साखळीला दुसरा माणूस बांधलेला मॅक्स, आणि ती धडधाकट उजव्या हाताने आणि कोपराखाली उरलेल्या डाव्याने त्याला भिडते. कोपर, खांदा, गुडघा, सगळं कामाला लावते. २०१५ साली पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा आला होता, तो अजून येतो. दोन तासांत कुणी तिला ‘हात कसा गेला’ विचारत नाही. कुणी हळहळत नाही. हात कसा गेला, त्याचं उत्तर थेट २०२४ च्या ‘फ्युरिओसा’ सिनेमात मिळतं.

ज्यांनी हा हात वेशभूषेसाठी बनवलाय, जे खरा कृत्रिम हात वापरतात किंवा बसवतात, त्यांनी लिहा. मापं द्या, काय फसतं आणि का फसतं ते द्या.

खिळापट्टी
आधी फोम. पुढच्या हाताच्या पत्र्यांना ५ मिमी ईव्हीए (हलका, लवचीक फोम), बोटांच्या सांध्यांना आणि बारीक पट्ट्यांना २ मिमी. १० मिमी घेऊ नका, कोपर वाकत नाही आणि हात उशीसारखा दिसतो. कागदी साचा आधी हातावर गुंडाळून टेपने चिकटवा, कोपर वाकवून बघा, मगच फोम कापा. ब्लेड दर दहा-बारा कापांनी बदला. बोथट ब्लेड फोम कापत नाही, ओरबाडतं, आणि ती दातेरी कड रंगातून दिसतेच.

जोडायला काँटॅक्ट सिमेंट. दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा (साधारण १० मिनिटं), मग एकदाच नीट जुळवून दाबा. घाई केली की जोड उन्हात उघडतात. खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा, वास डोक्यात जातो.

पेंगुळलेली
५ मिमी नाही मिळाला, ६ आहे. चालेल का?

खिळापट्टी
@पेंगुळलेली चालेल. फक्त वळणाच्या जागी आतून उथळ चीर द्या, जाडीच्या अर्ध्याहून कमी. आणि रंगाआधी हीट गनने फोमचा पृष्ठभाग बंद करा, तो किंचित चकाकायला लागला की पुढे सरका. हे टाळलं तर फोम प्रायमर पीत राहतो. रबरासारख्या लवचीक प्रायमरचे ३-४ पातळ थर, वर काळा ॲक्रिलिक, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी. ब्रश आधी कागदावर पुसा, कागदावर रंग उमटेनासा झाला की मग फोमवर. चंदेरी फक्त कडांना आणि जिथे हात खरंच घासेल तिथे. सगळीकडे फासलात की खेळणं दिसतं.

आठचा_आकडा
मूळ प्रश्नातला ‘खरा हात’ हा भाग घेते. शरीराच्या ताकदीने चालणारा हात कसा चालतो हे कळलं तर फ्युरिओसाचे पट्टे वेगळेच दिसायला लागतात.

पाठीवर पट्टा आठच्या आकड्यासारखा असतो. एक फास धडधाकट बाजूच्या काखेतून जातो, दुसरी बाजू कृत्रिम हाताचं सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो तो कडक भाग, धरते. मधे कडी, ती मानेच्या वर आलेल्या मणक्याच्या खाली आणि किंचित धडधाकट बाजूला हवी. खांदे पुढे आणले किंवा हात पुढे केला की पट्टा ताणला जातो, केबल ओढली जाते आणि पंजाच्या जागचा हूक उघडतो. बंद होतो तो रबरांनी. एका रबराला साधारण अर्ध्या किलोच्या आसपास पकड मिळते. पकड वाढवायला रबर वाढवा, पण मग उघडायलाही तितकाच जोर लागतो आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. नव्याने वापरणाऱ्याने कमी रबरांवर सुरुवात करावी.

बिघडतं काय? केबल आवरणातून बाहेर येते तिथेच तिचे तंतू तुटतात. रोज तिथून बोट फिरवा, एक तंतू टोचला की बदला. ती काम करता करता तुटते, अगोदर सूचना देत नाही. आवरणाला तीव्र वळण पडलं तर निम्मा जोर घर्षणातच जातो, हूक अर्धवट उघडतो, आणि माणसाला वाटतं आपलीच ताकद कमी पडतेय. काखेतला फास जास्त आवळला तर धडधाकट हाताची बोटं बधिर होतात. मुंग्या आल्या की पट्टा सैल करा, सहन करत बसू नका.

अर्धी_बाही
@आठचा_आकडा नेमकं लिहिलंत ताई. यात सॉक्सचं घाला. उरलेला हात दिवसभरात आकार बदलतो, सकाळी घट्ट असलेलं सॉकेट दुपारनंतर आत डुगडुगतं. म्हणून १, ३, ५ पदरी स्टंप सॉक्स (उरलेल्या हातावर चढवायचे मोजे) जवळ ठेवायचे आणि गरजेप्रमाणे एकेक वाढवायचा. लायनर (सॉकेटच्या आतलं मऊ अस्तर) रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन उलटा वाळवायचा. लालसर डाग वीसेक मिनिटांत गेला नाही तर त्या दिवशी हात परत चढवायचा नाही.

आणि म्हणूनच वाळूतला तो प्रसंग. ग्रीन प्लेस, म्हणजे तिचं लहानपणीचं घर, उरलंच नाही हे कळल्यावर फ्युरिओसा चालत सुटते, पट्टे सोडते, हात टाकून देते आणि गुडघ्यांवर कोसळून किंचाळते. हात ही दिवसभर अंगावर वाहायची वस्तू आहे, दुःख अनावर झालं की ती आधी उतरवावीशी वाटते. हे ज्याने लिहिलं त्याला काहीतरी कळलं होतं.

मोगरी
अर्धी_बाही, 🤍 काहीच सुचत नाही लिहायला. वाचतेय सगळं.

टाकीफुल्ल
गिटारवाल्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही!! ती ज्वाळा खरी होती, गिटार खरंच वाजत होती. आणि खलनायक इमॉर्टन जोची गाडी गिगाहॉर्स म्हणजे १९५९ च्या दोन कॅडिलॅक एकावर एक, दोन व्ही-८ इंजिनं. वॉर रिग टाट्रा ट्रकवर बांधलेला. नामिबियाच्या वाळवंटात ही धूडं खरंच पळवलीत.

वाळूचा_पट्टा
@टाकीफुल्ल गाड्यांवर वेगळा धागा काढा ना दादा, हजारभर प्रतिसाद पडतील 🙂 तरी विषयाशी जोडते: तो गिटारवाला, डूफ वॉरियरही अंध आहे.

काळोखातला_दिवा
हो, आणि तिथेच घोळ आहे. व्यंग जवळजवळ प्रत्येक खलनायकाच्या अंगावर आहे. इमॉर्टन जोचा मुखवटा आणि फोड, त्याचा साथीदार पीपल ईटरचं धातूचं नाक, सुजलेले पाय. कुरूप म्हणजे दुष्ट, हे समीकरण जुनंच. आणि फ्युरिओसा साकारणाऱ्या शार्लीझ थेरॉनचे स्वतःचे दोन्ही हात शाबूत आहेत, हेही विसरू नये. पण जोचा मुलगा कॉर्पस कोलोससच्या भूमिकेत क्वेंटिन केनिहान आहे, ज्याची हाडं जन्मतःच ठिसूळ होती आणि जो ऑस्ट्रेलियात अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिला. २०१८ मध्ये तो गेला. त्याला पडद्यावर दुर्बीण लावून गडावरून सगळ्यांवर नजर ठेवताना बघा. दोन्ही गोष्टी एकाच सिनेमात आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही.

दृष्टीआड
कमी दिसणाऱ्यांसाठी एक. सुमारे २७०० कट आहेत, म्हणजे सरासरी अडीच-पावणेतीन सेकंदांना एक. तरी डोळा हरवत नाही, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मध्यावर धरली. मार्गारेट सिक्सेलला संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. बघताना पडद्याच्या बरोबर मधोमध बसा, कडेला नको. घरी बघत असाल तर टीव्हीवरचं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, वाळूचे कण एकमेकांत मिसळून चिखल होतो. ध्वनिवर्णन असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या.

खिळापट्टी
+१, मध्यावरच्या चौकटीसाठी.

काजळमाखी
कपाळावरचं ग्रीस!! फ्युरिओसा स्टिअरिंगच्या दांड्यावरचं ग्रीस बोटांनी काढून कपाळाला फासते. कृपया खरं ग्रीस लावू नका. रोमरंध्रं बंद होतात, पुरळ उठतं, घामाने ओघळून डोळ्यांत गेलं तर आग होते. काळा क्रीम मेकअप घ्या, २४ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. भुवयांपासून वर, केसांच्या रेषेपर्यंत, कडा बोटाने ओढलेल्या हव्यात, ब्रशने आखलेल्या नकोत. वरून पारदर्शक पावडर दाबून बसवा, घासू नका. काढताना आधी तेल, मग साबण. उलटं केलंत तर दोन दिवस कपाळ करडं राहतं.

वॉर बॉइज (जोचे सैनिक, तोंडाला चंदेरी रंग फवारणारे) करणाऱ्यांना: ओठांवर गाडीचा चंदेरी स्प्रे अजिबात नाही. खाण्यायोग्य चंदेरी रंग, तोही ब्रशने. तोंडात फवारायचा नाही, श्वासातून आत जातो.

पेंगुळलेली
माझे तर दोन्ही हात धड आहेत. डावा पाठीमागे बांधून उरलेला हात दाखवला तर?

अर्धी_बाही
नका करू. पहिलं कारण, कोपर पूर्ण दुमडून आवळून बांधलं की रक्तप्रवाह अडतो, नसेवर दाब येतो, गर्दीत पडलात तर सावरायला हात नाही. दुसरं, यांत्रिक हात घालणं ही वेशभूषा आहे, त्यात आनंदच वाटतो. उरलेला हात हे आमचं शरीर आहे. तुमच्या हातावर फोमचं आवरण चढवा, आत पातळ चामडी हातमोजा घाला, सुरेख दिसेल.

पेंगुळलेली
समजलं. मनापासून आभार. हातमोजाच.

चाकावरची
व्हीलचेअरची वॉर रिग करणाऱ्यांसाठी पटकन लिहिते, मूल उठायच्या आत. सांगाडा २० मिमी पीव्हीसी पाइपचा, खुर्चीला झिप टायने बांधायचा, भोकं पाडायची नाहीत. चाकं आणि ढकलायच्या कड्या यांच्यापासून निदान ५ सेंमी जागा सोडा, हात फिरवताना बोटं अडकतात. ब्रेकचा दांडा मोकळा राहिलाच पाहिजे. पुढे जड नाक लावलंत तर छोटी चाकं रुततात आणि उंबऱ्यावर खुर्ची तोंडावर येते. मागे टँकर जड केलात तर चढावर उलटते. म्हणून वजन सीटखाली, आणि एकूण ४-५ किलोच्या वर नको. दाराची रुंदी मोजूनच बाजूचे काटे लावा, शक्यतो वेल्क्रोवर, म्हणजे ओढून काढता येतात. सिनेमातल्या वॉर रिगचा सुरू करायचा क्रम डॅशबोर्डवर नक्की रंगवा: एक, एक, दोन, एक, लाल, काळा.

टाकीफुल्ल
एक एक दोन एक लाल काळा!!! 🔥

मोगरी
चाकावरची, फोटो टाक गं झाल्यावर.

आठचा_आकडा
@काळोखातला_दिवा सहमत. एक भर. पाठलाग करणाऱ्या बुलेट फार्मरवर नेम धरताना मॅक्सचा नेम चुकतो, तो बंदूक फ्युरिओसाच्या हाती देतो, आणि ती नळी त्याच्या खांद्यावर टेकवून मारते. एका हाताने काम करणाऱ्याला टेकू लागतो, जवळ जे स्थिर असेल ते. टेबलाची कड, गुडघा, इथे माणसाचा खांदा. मॅक्सला फक्त श्वास रोखून धरायचाय. बसवणाऱ्यांकडे पहिल्याच आठवड्यात हेच शिकवतात: आधी टेकू शोधा, मग पकड.

खिळापट्टी
@आठचा_आकडा वेशभूषेच्या हातात खोटी केबल घालायची असेल तर सायकलच्या ब्रेकची वायर आणि आवरण चालेल ना? कोपर वाकवल्यावर ती बाहेर फुगते.

आठचा_आकडा
चालेल, खऱ्या हातातही तत्त्व तेच. फुगते कारण दोन्ही टोकं आवळलीत. दंडाकडचं टोक पक्कं करा, मनगटाकडचं छोट्या कडीतून सरकतं ठेवा. कोपर पूर्ण सरळ करून लांबी मोजा, वर २ सेंमी ठेवा. कापलेल्या टोकाला टोपी दाबून बसवा, नाहीतर तंतू हातमोज्यातून टोचतात.