पार्किन्सन्स: शरीर कललेले असूनही रुग्णाला सरळ का वाटते?

प्रश्न
माझ्या वडिलांना काही वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. गोळ्यांमुळे थरथर आणि ताठरपणा बराच आटोक्यात आहे. परंतु खुर्चीत बसल्यावर ते हळूहळू उजवीकडे कलतात आणि "बाबा, सरळ बसा" म्हटले की "मी सरळच बसलो आहे" असे अगदी खात्रीने सांगतात. कपाटाचे दार ओढताना त्यांचा तोल मागे जातो आणि अंधारात तर पाऊल टाकायलाही ते कचरतात. हा हट्ट समजावा की आजाराचाच भाग? औषधाची मात्रा वाढवून उपयोग होईल का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट)
हा हट्ट नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ घालून शरीर या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, हे मेंदू सतत ताडत असतो. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन कमी झाल्यामुळे बेसल गँगलियाचे, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतील खोलवरच्या भागाचे, काम बिघडते, तेव्हा हा अंदाजच ढळतो. ही उणीव रुग्ण नजरेने भरून काढतो, म्हणून अंधारात त्याचा आधार तुटतो. "सरळ बसा" या सूचनेचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यांच्या जाणिवेनुसार ते सरळच असतात. समोर मोठा आरसा ठेवून त्यावर उभी रंगीत चिकटपट्टी लावावी आणि सदऱ्याची बटणपट्टी तिच्याशी जुळवायला सांगावे. दार ओढताना एक पाय पुढे, एक मागे ठेवून थोडे बाजूला उभे राहावे आणि दुसऱ्या हाताने पक्का आधार धरावा.

लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाने थरथर आणि ताठरपणा जितका कमी होतो, तितका तोल सुधारत नाही. त्यामुळे मात्रा परस्पर वाढवू नये. काही वेळा औषधातील बदलानंतरही असे कलणे सुरू होते. ते केव्हा सुरू झाले, हे न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगावे.

उत्तर २
मी स्वतः पार्किन्सन्सचा रुग्ण आहे. मोठे पाऊल टाकण्याचा सराव करताना आपण अवाजवी लांब ढांगा टाकत आहोत असे मला वाटे, पण चित्रफितीत पाहिले तर ती पावले इतरांसारखीच होती. कृपया वडिलांनाही त्यांचे चालणे असे दाखवा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले पटते, इतरांनी सांगितलेले टोचते. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता रुंद वळसा घ्यावा आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलू नये.

उत्तर ३
वरील सूचनांना एक जोड द्यावीशी वाटते. या आजारात उभे राहताच रक्तदाब उतरण्याचा त्रास अनेकांना असतो आणि तोही तोल जाण्यासारखाच भासतो. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर त्यावर वेगळे उपचार लागतात. व्यायामाविषयी सांगायचे तर, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकारामुळे रुग्णांचा तोल सुधारल्याचे आढळले होते. मात्र वडिलांचा तोल मागे जात असल्याने सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभे असावे.