चर्चा: तंबाखू नसलेल्या निकोटिनच्या पुड्यांवर बंदी हवी का?

विश्रामबागचा शिक्षक (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात सांगलीत आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या खिशातून चपटी गोल डबी पडली. आत लहान पांढऱ्या पुड्या होत्या. "सर, यात तंबाखू नाही," असे त्याने मनापासून सांगितले आणि ते खरेही होते, कारण आत होते वनस्पतीचे तंतू, पुदिन्याचा स्वाद आणि निकोटिन. ही पुडी वरच्या ओठाआड ठेवली की निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते. धूर नाही, वास नाही, थुंकावे लागत नाही, त्यामुळे समोरच्या बाकावरच्या मुलाच्या तोंडात ती आहे हे मलाच कळत नाही, मग घरच्यांना काय कळणार? मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात जडलेले निकोटिनचे व्यसन सोडवणे फार कठीण जाते. या पुड्यांची विक्री पूर्ण बंद व्हावी, असे माझे मत आहे.

मिरजकर
सर, काळजी रास्त आहे, पण राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो आजही मिळतो. मी बावीस वर्षे तंबाखू-सुपारीचा मावा खाल्ला. तोंड उघडेनासे होऊन दोन बोटेही आत जाईनात, तेव्हा भाच्याने या पुड्या आणून दिल्या. सात महिने झाले, सुपारी आणि तंबाखू तोंडात गेलेली नाही. कर्करोग घडवणारी द्रव्ये तंबाखूच्या पानात आणि सुपारीत असतात. निकोटिन गुलाम करते, हे मी नाकारत नाही. पण दोन्ही धोके एका मापाने मोजणे बरोबर नाही. स्वीडनमध्ये ओठाआड ठेवायच्या तंबाखूमुळे सिगारेट खूप मागे पडली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये निकोटिनच्या पुड्यांच्या २० उत्पादनांना विक्रीची परवानगी दिली.

कराडची परिचारिका
माझी आजी दात स्वच्छ राहतात म्हणून मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावू लागली आणि शेवटी दिवसातून सात-आठ वेळा लावायची. मावा सोडायचाच असेल तर औषधांच्या दुकानात २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम मिळते. त्यासाठी रंगीत डबी कशाला?

विश्रामबागचा शिक्षक
मिरजकर, त्या प्रशासनाने परवानगी देतानाच स्पष्ट केले होते की परवानगी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. शिवाय स्वीडनचा दाखला सिगारेटचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के, म्हणजे बार भरण्याची सवय आपल्याकडे आधीच रुजलेली आहे आणि तिला ही पुडी नवे, सभ्य रूप देते. २००३ चा कायदा तंबाखूपुरता आहे आणि २०१९ चा ई-सिगारेटच्या उपकरणांपुरता, त्यामुळे दोन्हींच्या फटीतून ही पुडी सहज निसटते. तरीही तुमचा अनुभव वाचून मी थोडा मागे सरतो. ती फक्त औषधांच्या दुकानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि कोणताही स्वाद न घालता मिळावी.

मिरजकर
मुलांना ती मिळू नये, यात आपले दुमत नाही. पण पुदिना काढू नका, त्या चवीमुळेच मी टिकलो. आणि टपरीवर कोणी काहीही न विचारता मावा देत असताना तो सोडवणाऱ्या पुडीसाठी मी चिठ्ठी आणायची, हे मला अजूनही पटत नाही.