जुन्या पबच्या इमारतीला तीन दारे कशासाठी?

नौपाडाकर
मुलीकडे दीड महिना राहून गेल्या आठवड्यात ठाण्याला परतलो. पूर्व लंडनमध्ये तिने भाड्याने घेतलेले घर एका बंद पडलेल्या पबच्या तळमजल्यावर आहे. वरचे मजले साध्या विटांचे, खाली मात्र गडद हिरव्या, चकचकीत टाइल्स. जागा आमच्या जांभळी नाक्यावरच्या दोन गाळ्यांएवढी. तरीही रस्त्याकडून तीन स्वतंत्र दारे आणि फुटपाथमध्ये लोखंडी झडपा आहेत. असे का, हे कोणी सांगू शकेल काय?

घोडबंदरकर
एक दार कष्टकऱ्यांच्या पब्लिक बारचे, तिथे बाकडी आणि उघडी लाकडी जमीन. शेजारी सलून बार, तिथे गालिचा, गादीची आसने आणि तीच बिअर थोडी महाग. आपल्या परमिट रूमच्या एसी हॉलमध्ये दर वाढतो, तसाच हा प्रकार. फक्त तिकडे त्यासाठी दारेही निराळी ठेवत. काही पबांत काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या काचेच्या छोट्या झडपा असत, जेणेकरून पलीकडच्यांना साहेबाचे तोंड दिसू नये! तिसरे दार बहुधा 'जग अँड बॉटल'चे असावे, म्हणजे घरी न्यायच्या बिअरचे. त्यासाठी पुष्कळदा पोरांनाच पिटाळत. म्हणून १९०१ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांच्या हाती मोहोरबंद भांड्याखेरीज दारू देण्यास मनाई केली.

नेरूळची वास्तुविशारद
त्या काळी लंडनच्या विटा कोळशाच्या धुराने काळवंडत. झिलईच्या टाइलवरची काजळी ओल्या फडक्याने निघत असे. फुटपाथमधल्या झडपांखाली तळघर असते, त्यात पिंपे उतरवत, कारण तिथे बिअर साधारण १२ अंशांवर टिकते. १८३० च्या कायद्यानंतर दोन गिनी (जुने इंग्रजी चलन) भरून कोणाही करदात्याला घरातच बिअर विकता येऊ लागली, त्यामुळे बरेच पब मुळात राहती घरेच होती. १८९० च्या दशकात मात्र ब्रुअरींनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, चढाओढीने पब विकत घेऊन त्यांना असा थाट चढवला. पब सहसा कोपऱ्यावर बांधत, म्हणजे दोन्ही रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळे. इंग्लंडमध्ये २०१७ पासून पबचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते. आपल्या मुलीचे घर त्याआधीचे आहे का?

नौपाडाकर
होय, बरेच आधीचे. मुलीने काल तिसऱ्या दाराच्या काचेवरचा रंग खरवडून फोटो पाठवला. 'बॉटल' एवढी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. त्या दाराच्या आत आता तिचे वॉशिंग मशीन आहे.