मदत हवी आहे : लॅपटॉपचा एकच एचडीएमआय पोर्ट, मॉनिटर आणि टीव्ही दोन्हीला कसा जोडू?

नमस्कार मंडळी,

टेबलावर २५६० × १४४० चा मॉनिटर आहे, हॉलमध्ये फुल एचडी टीव्ही. मधे भिंत, त्यामुळे केबल साधारण दहा मीटर लागते. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट एकच. टाइप-सी आहे, पण त्यातून फक्त डेटा आणि चार्जिंग; व्हिडिओ येत नाही.

दुकानदाराने स्प्लिटर (एका पोर्टचं चित्र दोन स्क्रीनना वाटून देणारा डबा) गळ्यात मारला. दोन्हीकडे चित्र येतं खरं, पण टीव्ही चालू केला रे केला की मॉनिटरही १९२० × १०८० वर उतरतो आणि एक्सेलमधली अक्षरं अशी धूसर होतात की डोळे दुखतात. टीव्हीची केबल काढली की लगेच सगळं ठणठणीत. म्हणजे दोघांना झेपेल तेवढंच रिझोल्यूशन हा डबा लॅपटॉपला कळवतो, हे उघड आहे. विंडोज + पी दाबलं तरी बाहेरचा स्क्रीन एकच दिसतो, म्हणजे एक्स्टेंड (दोन्ही स्क्रीनवर वेगवेगळं दाखवणं) शक्यच नाही.

आता सुचलेलं असं : टीव्हीच्या बाजूला डाउनस्केल करून (रिझोल्यूशन कमी करून) देणारा स्प्लिटर घ्यावा, की यूएसबी ३.० ला लागणारा डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर (यूएसबीतून आणखी एक स्क्रीन जोडून देणारा)? दुसऱ्याने दोन स्वतंत्र स्क्रीन मिळतील, पण क्रिकेटची मॅच बघताना चित्र अडखळतं का? ओटीटी अ‍ॅपवाले काळा पडदा दाखवतात का? आणि हो, आवाज टीव्हीतूनच यायला हवा, आईला लॅपटॉपचा ऐकू येत नाही.

वायरलेस सुचवू नका, आमचं वायफाय हॉलपर्यंत पोहोचेपर्यंत धापा टाकतं. प्रत्यक्ष वापरत असाल तर मॉडेल आणि साधारण किंमत सांगा.