मदत हवी आहे: वॉशिंग्टनच्या डॉलरची कड कोरी

मी न्यू जर्सीत राहतो आणि डॉलरची नाणी फक्त चलनातून मिळतील तेवढीच जमवतो. (2012 पासूनची संग्राहकांसाठीच पाडतात, म्हणून ती सोडून दिली आहेत.)

परवा बँकेतून 25 नाण्यांचा रोल आणला. त्यात 2007 च्या मालिकेतलं जॉर्ज वॉशिंग्टनचं एक नाणं निघालं, त्याच्या कडेवर एकही अक्षर नाही. साल, टांकसाळीची खूण, 'इन गॉड वी ट्रस्ट' हे सगळं या नाण्यांच्या कडेवरच कोरलेलं असतं. इतर नाण्यांवर नख अडकतं, यावरून सरळ घसरतं. हातात धरल्यावर अक्षरशः धडधडलं!

वजन 8.1 ग्रॅम, व्यास 26.5 मिमी, म्हणजे नेहमीइतकंच. कुणी अक्षरं घासून काढली असतील का ते भिंगातून पाहिलं, पण कानशीचे ओरखडे दिसले नाहीत. नाणं धुतलं-पुसलं नाही, पुसणारही नाही. विकायचं नाही, त्यामुळे पैसे भरून प्रमाणपत्र घेणं नको आहे.

अडलंय ते अल्बमपाशी. खूणच नाही, तर हे फिलाडेल्फिया टांकसाळीच्या कप्प्यात ठेवू की डेन्व्हरच्या? दर्शनी बाजू पाहून टांकसाळ ओळखण्याची काही खात्रीची पद्धत आहे का?