एकच राबतो, बाकीचे नुसते बसतात?

वर्गात मुलांचे गट करून काम देण्याबद्दल एका सरांनी लिहिलंय की गट केला की हुशार पोरगी सगळं लिहिते, बाकीचे नावं घालून मोकळे. खरंय, पण दोष गुण देण्याच्या पद्धतीचा आहे. अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्लाव्हिन यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासून हेच मांडलं: बक्षीस गटाला द्या, पण ते प्रत्येकाच्या स्वतंत्र चाचणीवर ठरवा. त्यांच्या पद्धतीत आधीच्या गुणांपेक्षा मूल किती सुधारलं त्यावर गटाला गुण मिळतात. म्हणजे कच्च्या पोराला शिकवण्यात हुशाराचाही फायदा.

दुसरी वाट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची, १९७१ची, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या शाळांतली. गटातल्या मुलांत धडाच वाटून द्यायचा. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांचा पाठ घ्या: एकाकडे १९०२चा आरक्षणाचा हुकूम, दुसऱ्याकडे वसतिगृहं, तिसऱ्याकडे १९१७चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण, चौथ्याकडे राधानगरी धरण. आपला भाग ज्याचा त्यानं समजावायचा आणि शेवटी चाचणी सगळ्यांची, सगळ्या भागांवर. मग गप्प बसणाऱ्या पोरालाही बोलावंच लागतं, कारण त्याचा भाग दुसऱ्या कुणाकडं नसतो.

साठ पोरांच्या वर्गात बाकं हलवण्यातच निम्मा तास जातो, हे मान्य. तिथं शेजारच्या दोघांची जोडीच बरी.